तार काढण्यापूर्वीं

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांत इंझोरी नांवाचें गांव आहे. काळी जमीन, कपाशी, तूर आणि सोयाबीन हीं पिकें, बाजारहाटासाठीं कारंज्याची वाट, आणि आसपास बंजारा समाजाचे तांडे, असा हा वऱ्हाडचा मुलूख. बंजारा समाजाचें तीर्थक्षेत्र पोहरादेवी याच तालुक्यांत आहे. या भागांत गाणें हें केवळ करमणुकीचें साधन कधींच नव्हतें. जात्यावर ओवी होती, तांड्यांत होळीच्या दिवसांत लेंगी होती, आणि पारावर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं लोकप्रिय केलेलें खंजिरी भजन होतें. गाणारा माणूस समोर असे. म्हणून गाणें साठवून ठेवण्याची चिंता कोणी करीत नसे. ही चिंता अलीकडची आहे. जात्याची जागा पिठाच्या गिरणीनें घेतली, ओव्या जाणणाऱ्या बायका थकल्या, आणि त्यांचा आवाज खिशांत मावणाऱ्या यंत्रांत जपून ठेवण्याची वेळ आली.

त्या गांवचें एक घर डोळ्यांपुढें आणावें. घर कल्पनेंतलें असलें, तरी तेथें जें घडतें तें आज घरोघर घडत आहे. दिवाळीसाठीं पुण्याहून नातू आला आहे. चार दिवस त्यानें आजीला जात्यापाशीं बसविलें आणि तिच्या ओव्या फोनवर मुद्रित केल्या. आजीला फोन चालवितां येत नाहीं; म्हणून एक बटण दाबलें कीं वाजूं लागेल असें लहानसें प्लेअर त्यानें तिच्यासाठीं आणलें आहे. फोनमधील जागा भरत आली होती. त्यानें अकरा ओव्या संगणकावर घेतल्या, फोनमधून पुसून टाकिल्या, आणि आतां संगणकावरून त्या प्लेअरमध्यें हलविल्या. पडद्यावरची पट्टी शेवटास पोंचली. तेवढ्यांत फाट्यावर कारंज्याच्या एस. टी. चा भोंगा वाजला. त्यानें तार हिसकली आणि यंत्र आजीच्या हातांत ठेविलें.

“आजी, झालं सारं. हे बटण दाबलं की तुझाच आवाज.”

“इतक्या लवकर झालं काय रे बापा?”

आजीची शंका खरी होती. काम झालें नव्हतें. झाल्यासारखें दिसत होतें. संध्याकाळीं आजीनें बटण दाबलें, तेव्हां यंत्राचा दिवा लागला, पण आवाज आला नाहीं. “काहून रे, मुकं झालं हे?” एवढाच प्रश्न तिनें शेजारच्या मुलाला विचारला. या प्रश्नाचें उत्तर नीट समजून घेणें हा प्रस्तुत भाषणाचा हेतु आहे. कारण यंत्र दुकानांत पुन्हां मिळतें, पण आवाज मिळत नाहीं.

गाणें बरोबर बाळगण्याची हौस मात्र नवी नाहीं. इ. स. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजान या गायिकेचें गाणें ग्रामोफोनच्या तबकडीसाठीं मुद्रित झालें. तबकडी वाजविणाऱ्या जुन्या यंत्रास चावी द्यावी लागे. विजेचें कामच नसे. पुढें रेडिओ आला. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं आणि नागपूरचें १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. ज्या गांवीं वीज पोंचली नव्हती तेथें रेडिओ चाले तो शिशाच्या पत्र्यांच्या आणि तेजाबाच्या बॅटरीवर. ती जड बॅटरी सांभाळून तालुक्याच्या ठिकाणीं न्यावयाची, चार्ज करून आणावयाची, आणि मग बातम्या व गाणीं ऐकावयाचीं. तेजाब सांडूं नये, ऋण आणि धन टोकें एकमेकांस चिकटूं नयेत, हें त्या काळच्या घरांतील लहान मुलालाहि ठाऊक असे. बॅटरी ही जपून हाताळण्याची वस्तु आहे, ही समजूत तेव्हां डोळ्यांना दिसणाऱ्या धोक्यामुळें आपोआप येई.

१ जुलै १९७९ रोजीं जपानच्या सोनी कंपनीचा वॉकमन बाजारांत आला आणि गाणें माणसाबरोबर चालूं लागलें. कॅसेट मध्येंच थांबविली, काढून घेतली, पुन्हां घातली, तरी फितीवरचें गाणें जागच्या जागीं राही. या सवयीनें एक पिढी वाढली. नंतरच्या यंत्रांनीं मात्र ही सवय धोक्याची ठरविली. १९९८ मध्यें फीत नसलेलीं खिशांतलीं प्लेअरें विकण्यास आलीं. २३ ऑक्टोबर २००१ रोजीं ॲपल कंपनीनें आयपॉड जाहीर केला. त्यांत हजार गाणीं मावत. संगणकाला जोडल्यावर त्याच्या पडद्यावर ‘जोडणी तोडूं नका’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना झळके. २०२२ च्या मे महिन्यांत आयपॉड विकणें बंद झालें, परंतु ती सूचना आजहि प्रत्येक यंत्रास लागू आहे. आपल्या देशांत २०१७ सालीं सारेगम कंपनीनें कारवान नांवाचें यंत्र काढलें. जुन्या ग्रामोफोन कंपनीचीच ही वारस. आंत पांच हजार गाणीं भरलेल्या आणि बाहेरून पेनड्राइव्ह लावतां येणाऱ्या या पेटीनें अनेक वडीलधाऱ्यांच्या खोलींत जुन्या रेडिओची जागा घेतली. येणेंप्रमाणें तार लावण्याचें आणि काढण्याचें काम आतां सर्वांच्याच घरीं आलें आहे.

हें काम समजण्यास प्रथम तारेची ओळख हवी. यू. एस. बी. या नांवानें ओळखली जाणारी जोडणी १९९६ सालीं प्रचारांत आली. तिच्या साध्या तारेच्या पोटांत चार बारीक तारा असतात. दोन तारा विजेच्या. त्यांतून पांच व्होल्टचा प्रवाह यंत्रास पोंचतो. उरलेल्या दोन माहितीच्या. त्यांतून गाणीं ये-जा करतात. म्हणजे एकाच वाटेनें शिधाहि जातो आणि टपालहि जातें. ही जोडणी घडविणाऱ्यांनीं एक दूरदर्शीपणा दाखविला आहे. खोंचणीच्या आंतील धातूच्या पट्ट्या नीट पाहिल्या, तर विजेच्या दोन पट्ट्या माहितीच्या पट्ट्यांपेक्षां किंचित् लांब दिसतात. तार लावतांना आधीं वीज जोडली जावी आणि काढतांना ती शेवटीं तुटावी, यासाठीं ही योजना आहे. विजेपुरती काळजी अशा रीतीनें धातूंतच ओतलेली आहे. माहितीची काळजी मात्र धातूला घेतां येत नाहीं. ती माणसानें घ्यावयाची असते.

यावरून पहिला नियम निघतो. यंत्र भिंतीवरच्या चार्जरला लावलें असेल, तर तेथें केवळ शिधा चालला आहे, टपाल नाहीं. अशी तार केव्हांहि काढावी, गाण्यांना कांहीं होत नाहीं. तेंच यंत्र संगणकाला लावलें असेल, तर केवळ चार्जिंगसाठीं लावलें असें जरी मनांत असलें, तरी दोघांमध्यें बोलणें सुरू झालेलें असतें. तेथें निरोप घेतल्याशिवाय उठूं नये.

निरोप कां घ्यावयाचा? गाणीं ज्या स्मृतींत राहतात तिला फ्लॅश स्मृति म्हणतात. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका या जपानी संशोधकानें १९८० नंतरच्या दशकांत ती शोधून काढली. तिच्यांत अब्जावधी सूक्ष्म कोठड्या असतात, आणि प्रत्येक कोठडींत विद्युत्कण कोंडून ठेवून अक्षर लिहिलें जातें. वीज बंद झाली तरी ते कण कोंडलेलेच राहतात; म्हणून गाणें टिकतें. परंतु येथें पाटीवर पुसून लिहावें तसें एकेक अक्षर बदलतां येत नाहीं. आधीं कोठड्यांचा एक मोठा गट एकदम पुसावा लागतो आणि मग त्यांत नव्यानें लिहावें लागतें. या कामास वेळ लागतो. संगणकाचा वेग त्याहून पुष्कळ अधिक. तेव्हां तो पुष्कळसा मजकूर स्वतःपाशीं तात्पुरता ठेवून घेतो, ‘काम झालें’ असें पडद्यावर दाखवितो, आणि मागाहून सवडीनें तो मजकूर यंत्राच्या हवालीं करतो. पट्टी शेवटास पोंचली म्हणजे गाणें पोंचलेंच असें नव्हे, तें यामुळें.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. नुसतें गाणें लिहून भागत नाहीं; तें कोठें लिहिलें याची नोंदहि ठेवावी लागते. वऱ्हाडांतल्या शेतकऱ्याला हें समजावून सांगण्यास फार शब्द लागत नाहींत. जमीन जागेवरच असते, पण तिच्यावरचा हक्क सातबाऱ्याच्या उताऱ्यावर असतो. फेरफार होतांना जुनें नांव खोडलें आणि नवें लिहिण्यापूर्वीं तलाठ्याच्या हातांतली लेखणी कोणी हिसकली, तर शेत तसूभरहि हलत नाहीं; पण तें कोणाचें, हें कागदावरून सांगतां येत नाहीं. प्लेअरच्या स्मृतींतहि असा उतारा असतो. पुष्कळशा यंत्रांत त्याच्या दोन प्रती ठेविलेल्या असतात. अमुक गाण्याचा आरंभ या कोठडींत, पुढचा भाग त्या कोठडींत, आणि शेवट तिसऱ्याच ठिकाणीं, अशी ती नोंद. ही नोंद बदलत असतांना तार निघाली, तर दोन प्रतींचा मेळ बसत नाहीं, आणि नव्या गाण्याबरोबर जुनींहि हरवल्यासारखीं होतात. आजीचें यंत्र मुकें झालें तें असें. ओव्या आंतच होत्या. त्यांचा उतारा फाटला होता.

आतां तार काढण्याची रीत. यंत्रांतील एखादें गाणें संगणकावर वाजत असेल किंवा त्याची खिडकी उघडी असेल, तर ती प्रथम बंद करावी. नंतर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यांतील यंत्र बाहेर काढण्याच्या खुणेवर टिचकी द्यावी. ॲपलच्या संगणकांत त्रिकोण व त्याखालीं आडवी रेघ अशी खूण असते. संगणक उरलेला सगळा मजकूर यंत्राच्या स्वाधीन करतो, नोंदी पुऱ्या करतो, आणि आतां काढण्यास हरकत नाहीं असें सांगतो किंवा तें नांव पडद्यावरून नाहींसें होतें. यंत्रावरचा दिवा लुकलुकत असेल, तर तो थांबूं द्यावा. मगच तार काढावी, आणि तीहि दोरीसारखी ओढून नव्हे. खोंचणी चिमटींत धरून, सरळ रेषेंत. ही जोडणी ठराविक वेळां लावण्या-काढण्यासाठींच घडविलेली असते. संगणकाच्या बाजूची जुनी रुंद खोंचणी दीड हजार वेळां, आणि यंत्राच्या बाजूची लहान खोंचणी दहा हजार वेळां लावतां-काढतां यावी, असें तिचें प्रमाण ठरलेलें आहे. वांकडी ओढणाऱ्या हातानें हें आयुष्य अर्ध्यावर येतें.

कधीं कधीं संगणक म्हणतो कीं यंत्र अद्याप कामांत आहे. अशा वेळीं पुष्कळजण वैतागून तार ओढतात. तसें करूं नये. दोन मिनिटें थांबून पुन्हां विचारावें. तरीहि नकार आला, तर संगणकच रीतसर बंद करावा आणि मग तार काढावी. बंद होतांना तो हातांतली सगळी कामें उरकतो. २०१८ पासून विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत अशी सोय केली गेली कीं लिहावयाचा मजकूर राखून न ठेवतां तो शक्य तितक्या लवकर यंत्रास पोंचवावा. त्यामुळें धोका कमी झाला. नाहींसा झाला नाहीं. लिहिणें चालू असतांना तार काढली, तर कोणतीहि सोय उपयोगी पडत नाहीं. फोनला छोटी तार लावून पेनड्राइव्ह जोडणाऱ्यांनींहि फोनच्या सेटिंगमध्यें जाऊन तो आधीं विलग करावा.

खेड्यांतल्या घरांसाठीं आणखी एक इशारा आवश्यक आहे. तेथें तार हिसकण्यास माणूसच लागतो असें नाहीं. वीज गेली कीं तें काम आपोआप होतें. टेबलावरचा संगणक एकदम बंद पडला, तर अर्धवट लिहिलेल्या नोंदीची तीच दुर्दशा होते. वादळी पावसाच्या दिवसांत, किंवा जेथें विजेचा भरंवसा नाहीं तेथें, हें काम बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर करावें. आणि कोणत्याहि परिस्थितींत मूळ प्रत ‘हलवूं’ नये. तिची नक्कल करावी. नक्कल झाल्यावर तार रीतसर काढावी, यंत्रावर प्रत्येक गाणें थोडें थोडें वाजवून पाहावें, आणि मगच मूळ पुसण्याचा विचार करावा. नातवाची खरी चूक तार ओढण्यांत जितकी होती, त्याहून अधिक या ठिकाणीं होती. त्यानें नदी ओलांडण्यापूर्वींच नाव सोडून दिली होती.

अपघात होऊन गेलाच तर काय करावें? यंत्र पुन्हां जोडल्यावर संगणक बहुधा विचारतो, हें साधन वापरण्यायोग्य नाहीं, तें नव्यानें तयार करूं काय? इंग्रजींत या क्रियेला फॉरमॅट म्हणतात. या प्रश्नास ‘होय’ म्हणणें म्हणजे फाटलेला उतारा जाळून कोरा कागद आणण्यासारखें आहे. उत्तर ‘नाहीं’ असेंच द्यावें. त्या यंत्रांत नवीन कांहींहि भरूं नये. कारण ज्या कोठड्यांत हरवलेलें गाणें अद्याप शाबूत आहे, त्यांच्यावरच नवें लिहिलें जाण्याचा संभव असतो. हरवलेल्या फाइली शोधणाऱ्या कार्यप्रणाली मिळतात. त्या उताऱ्यावर विसंबून न राहतां प्रत्येक कोठडी तपासतात आणि गाण्याच्या आरंभाच्या खुणा ओळखून तीं बाहेर काढतात. जें सांपडेल तें दुसऱ्याच साधनावर उतरून घ्यावें. दुरुस्तीचा प्रयोग त्यानंतर.

येथवर टपालाचा विचार झाला, आतां शिध्याचा. आजच्या बहुतेक लहान यंत्रांत लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ती १९९१ सालीं सोनी कंपनीनें प्रथम बाजारांत आणली. तिच्या घडणीसाठीं जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तिच्यांत लिथियमचे आयन एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे ये-जा करतात. चार्ज करतांना एका दिशेनें, वापरतांना उलट दिशेनें. पूर्ण भरल्यावर एका घटाचा दाब सुमारें ४.२ व्होल्ट होतो. तीन व्होल्टच्या आसपास तो रिकामा समजला जातो. भरण्याची तऱ्हा माठ भरण्यासारखी आहे. आरंभीं धार मोठी चालते. पाणी तोंडाशीं आलें कीं हात आखडावा लागतो, नाहीं तर तें सांडतें. यंत्रांतील नियंत्रकहि आधीं ठराविक प्रवाह देतो आणि ४.२ व्होल्ट गांठल्यावर तो हळूहळू कमी करीत नेतो. म्हणून शेवटच्या थोड्या भागास वेळ अधिक लागतो. हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी संगणकाच्या पांचशें मिलिअँपिअर प्रवाहावर हिशेबानें दोन तासांत भरावी. प्रत्यक्षांत तिला अडीच ते तीन तास लागतात. त्यांत यंत्राचा दोष नाहीं. पी हळद आणि हो गोरी, असें येथें होत नाहीं.

या बॅटरीसंबंधीं जुन्या बॅटरींच्या काळचे कांहीं समज अद्याप वावरत आहेत. ‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावूं नये’ हा त्यांतला एक. निकेल-कॅडमिअमच्या बॅटरींना तो उपदेश योग्य होता. लिथियमच्या बॅटरीला उलट पूर्ण रितें होणेंच बाधतें. ती थोडी उतरली असतां भरावी, आणि शक्य तेव्हां अगदीं रिती किंवा अगदीं भरलेली अशी दीर्घकाळ ठेवूं नये. यंत्र कित्येक महिने कपाटांत ठेवावयाचें असेल, तर निम्मी भरून ठेवावें आणि दोन-तीन महिन्यांनीं पुन्हां थोडी भरावी. पुष्कळ घरांत गणपतीनंतर ठेवून दिलेलें यंत्र उन्हाळ्यांत काढलें असतां सुरूच होत नाहीं, त्याचें कारण हेंच असतें. न वापरतांहि बॅटरी झिरपत जाते, आणि फार खालीं गेल्यावर आंतील संरक्षक योजना तिला चार्ज होऊं देत नाहीं.

वऱ्हाडांत मात्र या बॅटरीचा मुख्य वैरी ऊन हा आहे. मे महिन्यांत अकोल्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. सामान्यतः अशी बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करूं नये, असें सांगितलेलें असतें. आणि टिनाच्या छपराखालीं, उन्हांत उभ्या असलेल्या मोटारींत किंवा खिडकीच्या कट्ट्यावर हवेहूनहि अधिक तापमान होतें. चार्ज होतांना ती स्वतःहि थोडी तापते. दोन्ही उष्णता एकत्र आल्या म्हणजे तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें, आणि क्वचित् पेटण्याचाहि प्रसंग येतो. म्हणून उन्हाळ्यांत चार्जिंग पहाटे किंवा रात्रीं माणसें जागीं असेपर्यंत, फरशीवर, मोकळ्या हवेंत करावें. उशीखालीं, गोधडींत किंवा कापसाच्या जवळ यंत्र चार्ज करूं नये. यंत्राला चामड्याची पिशवी असेल तर ती काढावी.

चार्जरविषयीं दोन शब्द. घरांतला प्रवाह २३० व्होल्टचा. यंत्राला हवा पांच व्होल्टचा. या दोहोंमध्यें उभी असते ती चार्जरची लहानशी डबी. बाजारांत मिळणाऱ्या अति स्वस्त डबींत हें अंतर राखणारी वेष्टनें अपुरीं असतात, आणि तीं फुटलीं म्हणजे २३० व्होल्ट माणसाच्या बोटापर्यंत येऊं शकतात. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी अशा चार्जरला सक्तीची आहे. डबीवर मानक चिन्ह आणि इंग्रजी ‘आर’ अक्षरापुढें नोंदणीचा क्रमांक छापलेला असतो, तो पाहून घ्यावा. ओल्या हातानें डबीला स्पर्श करूं नये; आधीं बटण बंद करावें, मग ती काढावी. आकाशांत विजा चमकूं लागल्या, तर डबी भिंतीपासून दूर करावी. तारेचें वेष्टन खोंचणीपाशीं फाटलें असेल, तर चिकटपट्टी गुंडाळून दिवस ढकलूं नयेत. नवी तार घ्यावी.

बॅटरी म्हातारी झाली कीं तिची लक्षणें दिसतात. गाणें पूर्वीं दहा तास चाले तें तीन तासांवर येतें. हें वार्धक्य, रोग नव्हे. परंतु यंत्राची पाठ फुगली, झांकण उचललें गेलें, गोडसर उग्र वास आला किंवा तें विनाकारण तापूं लागलें, तर तो रोग समजावा. तें यंत्र पुन्हां चार्ज करूं नये, दाबूं नये, टोचूं नये, उन्हांत ठेवूं नये. तें केरांत किंवा शेतांतल्या उकिरड्यावर टाकणें तर अत्यंत अनिष्ट. तेथें आग लागते आणि मातींत विष जातें. २२ ऑगस्ट २०२२ रोजीं केंद्र सरकारनें जे बॅटरी-कचरा नियम केले, त्यांनीं जुन्या बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकिली आहे. तेव्हां विक्रेत्याच्या किंवा संकलन-केंद्राच्या स्वाधीन ती करावी.

आतां इंझोरीच्या घराकडे परत वळावें. शेजारच्या मुलानें शहाणपणा केला. संगणकाच्या प्रश्नास त्यानें ‘नाहीं’ म्हटलें आणि यंत्र जसेंच्या तसें बांधून ठेविलें. पुढच्या खेपेस नातू आला, त्यानें शोध घेणारी कार्यप्रणाली चालविली, आणि अकरांपैकीं नऊ ओव्या मिळाल्या. उरलेल्या दोन आजीनें पुन्हां गाइल्या. शब्द तेच होते. परंतु पहिल्या वेळीं मध्येंच थांबून ती हंसली होती आणि जात्याला हात लावून तिनें आपल्या आईचें नांव घेतलें होतें. तें दुसऱ्या वेळीं झालें नाहीं. ध्वनिमुद्रणांत गाण्याबरोबर तो क्षणहि साठविला जातो, आणि तो क्षण परत गातां येत नाहीं.

अशा आवाजांचें मोल ओळखणारीं माणसें महाराष्ट्रांत होऊन गेलीं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनीं सहकाऱ्यांसह गांवोगांव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि त्यांतील पुष्कळशा ध्वनिमुद्रितहि केल्या. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेनें त्या लोकांसमोर आणण्यास आरंभ केला. गाणाऱ्या कित्येक बायका आज नाहींत. त्यांचा आवाज आहे. तो राहिला, कारण तो एकाच पेटींत कोंडलेला नव्हता. मुद्रणें एका साधनावरून दुसऱ्यावर उतरविलीं गेलीं, वह्यांत लिहिलीं गेलीं, अनेकांच्या हातीं सोंपविलीं गेलीं.

घरगुती ध्वनिसंग्रहास याहून मोठें शास्त्र लागत नाहीं. एक प्रत वाजविण्याच्या यंत्रांत, दुसरी संगणकावर, आणि तिसरी दुसऱ्या गांवच्या नातलगाकडे, एवढें केलें कीं एका हिसक्यानें सर्वस्व जाण्याचें भय उरत नाहीं. आणि तो हिसकाहि न बसावा यासाठीं लागते ती केवळ थांबण्याची तयारी. इंझोरीच्या त्या घरांत आतां नातू तार काढण्यापूर्वीं आजीकडे पाहतो. आजी यंत्रावरच्या दिव्याकडे पाहते. दिवा स्थिर झाला कीं ती मान हलविते, आणि एस. टी. फाट्यावर कितीहि भोंगे वाजवीत असली, तरी तोंवर त्या घरांत कोणी हात लावीत नाहीं.